मदत हवी आहे: टीआयएनंतर घरी नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

नमस्कार मंडळी. बाबांची (वय ६८, बीपी आणि मधुमेह) बोलता बोलता अचानक जीभ जड झाली, उजव्या हातातला पेला निसटला. काही मिनिटांत सगळं पूर्ववत. "थकवा आहे रे" म्हणत होते, तरी लगेच दवाखान्यात नेलं. टीआयए निघाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता. लक्षणं गेली तरी पुढचे ४८ तास पक्षाघाताच्या मोठ्या झटक्याचा धोका जास्त असतो, म्हणून दाखल करून घेतलं. आता घरी आहेत, औषधं चालू आहेत.

तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, एवढं घरात सगळ्यांना पाठ झालंय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. माझी अडचण इथेच आहे. बाबा एकटे झोपतात. सकाळी उठल्यावर लक्षणं दिसली तर काय वेळ सांगायची? अचानक तोल गेला किंवा एका डोळ्यापुढे अंधारी आली, तरी थेट ॲम्ब्युलन्सच बोलवायची ना? ते चिडणार हे नक्की!

शिवाय त्यांची नाडी कधीकधी अनियमित लागते. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) साध्या ईसीजीत सुटू शकतं म्हणे. कोणाच्या घरी होल्टर (दिवसभर अंगावर ठेवून ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावलाय का? आणि तंबाखू कशी सोडवलीत, तेही सांगा. उपदेश करून झालाय.