आयसीयूतील स्वयंचलित हिमोडायनॅमिक मॉनिटरच्या आकड्यांवर उपचार कितपत ठरवावेत?

प्रश्न:
आमच्या आयसीयूत आर्टेरिअल लाइनच्या (धमनीत घातलेल्या नळीच्या) दाबलहरीवरून कार्डिअ‍ॅक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते), पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक नाडीदाबात होणारा बदल) आणि रक्तदाब घसरण्याची पूर्वसूचना अखंड दाखवणारा मॉनिटर आला आहे. सेप्टिक शॉकच्या (गंभीर जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या) एका रुग्णाचा सरासरी रक्तदाब ६५ मिमी पाऱ्याच्या वर असूनही इशारा वाजत राहिला. अशा वेळी सलाइन द्यावे, रक्तदाब वाढवणारे औषध नॉरअ‍ॅड्रेनलीन वाढवावे, की थांबावे?

प्रतिसाद १:
यंत्राच्या आधी लाइन तपासा. ट्रान्सड्यूसर (नळीतील दाब मोजणारा संवेदक) हृदयाच्या पातळीवर असावा लागतो. खाट १० सेंमी वर घेतली आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तिथेच राहिला, तर दाब सुमारे ७.५ मिमी जास्त दिसतो. म्हणजे प्रत्यक्षातला ५८ पडद्यावर ६५ होऊन बसतो. त्यानंतर फ्लश टेस्ट करावी, म्हणजे नळीतून क्षणभर जोराने द्रव सोडून लहर पाहावी. चौकोनी लहरीनंतर एक-दोन हेलकावे येऊन रेषा पूर्ववत झाली तर ठीक. हेलकावा आलाच नाही, तर नळीत बुडबुडा किंवा गुठळी आहे का ते पाहावे. अशा दबलेल्या लहरीत सरासरी दाब बऱ्यापैकी टिकतो, पण लहरीच्या आकारावरून काढलेले कार्डिअ‍ॅक आउटपुट मात्र फसवे ठरते.

प्रतिसाद २:
पल्स प्रेशर व्हेरिएशन १२-१३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सलाइनने आउटपुट वाढण्याची शक्यता असते, हे खरे. परंतु त्यासाठी रुग्ण स्वतः श्वास घेत नसावा, हृदयाची लय नियमित असावी आणि टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातील हवा) किलोमागे किमान ८ मिली असावा. एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांच्या तीव्र इजेत) आपण ६ मिली देतो, त्यामुळे तिथे आकडा कमी आला म्हणून सलाइनचा उपयोग नाही, असे म्हणता येत नाही. तिथे रुग्णाचे पाय आपणच उचलून पाहावे; पायांतले रक्त हृदयाकडे येऊन तात्पुरते सलाइन दिल्यासारखे होते. मिनिटभरात आउटपुट १० टक्के किंवा अधिक वाढले तर सलाइनला प्रतिसाद मिळेल असे समजावे. अखंड निरीक्षणाचा खरा लाभ मला इथेच दिसतो, कारण हा बदल क्षणिक असतो. अर्थात प्रतिसाद मिळेल म्हणून सलाइनची गरज आहेच, असे नाही.

प्रतिसाद ३:
पूर्वसूचनेबद्दल मी साशंक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅमस्टरडॅममधील चाचणीत अशी पूर्वसूचना देणाऱ्या निर्देशांकामुळे शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब घसरण्याचे प्रमाण कमी झाले. पण ते रुग्ण भूल दिलेले होते, सेप्टिक शॉकचे नव्हते, आणि चाचणीही लहान होती. हा निर्देशांक बव्हंशी त्या क्षणीच्या सरासरी दाबाचेच प्रतिबिंब असतो, अशी टीका पुढे झाली. तुमच्या रुग्णाचा दाब ६७-६८ असेल, तर इशारा वाजणारच. मी आधी लघवीचे प्रमाण, लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडल्यास रक्तात वाढणारा घटक) आणि बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ पाहीन. ३ सेकंदांहून जास्त लागले, तरच त्या इशाऱ्याकडे गांभीर्याने पाहीन.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) असेल तर पाय उचलण्याची चाचणी चालते का?

प्रतिसाद २:
चालते, मात्र एकेका ठोक्याऐवजी अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी. पोटातील दाब वाढलेला असेल, तर या चाचणीवरही विसंबू नये.