एमबीए सीईटी, नोकरी करून अभ्यास कसा बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत जॉबला आहे आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलते, त्यामुळे टाइमटेबल टिकतच नाही. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आलो की पुस्तक उघडतो पण डोळे मिटतात, आणि पहाटे बसावं तर नळाला पाणी येतं, ते भरायचं असतं. सीईटीला 200 प्रश्न 150 मिनिटांत, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे सगळा खेळ स्पीडचा. लॉजिकल रिझनिंगचे 75 प्रश्न आहेत, तिथेच मी सीटिंग अरेंजमेंटमध्ये (कोण कुठे बसलंय ते शोधायची कोडी) दहा-दहा मिनिटं अडकतो. आधी ते पक्कं करू की मॅथ्स? मॉक टेस्ट (सराव परीक्षा) कधीपासून द्यायच्या? शिफ्टवाल्यांपैकी कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, यंदा मनापासून करायचंय.