प्रौढांसाठी जलरंगांचा वर्ग: पुण्यात पारख कशी करावी?

कोथरूडकर
शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिल्यानंतर हातात कुंचला धरलेला नाही. आता पंचेचाळिशीत जलरंग नीट शिकावेत असे वाटते. परंतु जवळपासचे बहुतेक वर्ग मुलांच्या ग्रेड परीक्षांसाठी चालतात आणि उरलेले दोन तासांत तयार चित्र घरी नेण्याची हमी देतात. चांगला वर्ग ओळखावा कसा?

निवृत्त कलाशिक्षक
शिक्षकांचे स्वतःचे काम आधी पाहावे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने भरतात. तिथे चित्रकार बहुधा स्वतः भेटतात, त्यांना शिकवता का, असे निःसंकोच विचारावे. मग एक दिवस वर्गात नुसते बसण्याची परवानगी मागावी आणि विद्यार्थ्यांची चित्रे पाहावीत: सगळीकडे तेच घर, तीच नदी आणि तोच सूर्यास्त असेल, तर तिथे नक्कल शिकवली जाते, निरीक्षण नव्हे. परवानगीच नाकारली, तर प्रश्नच मिटला.

जलरंगी
सहमत. शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतः फटकारे मारून चित्र ‘सुधारून’ देत असतील, तर तो वर्ग टाळावा. कागद कोणता सांगतात, तेही विचारावे. पातळ ड्रॉइंग पेपरवर ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, दिला की कागद फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद महाग असला, तरी त्याचे लहान तुकडे करून सराव करता येतो.

कोथरूडकर
आभारी आहे. वर्षाची फी आगाऊ मागितली तर?

निवृत्त कलाशिक्षक
पहिले काही महिने तरी दरमहाच द्यावी.