फ्रंट लोड मशिन, बोअरचं पाणी आणि फेस : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे फ्रंट लोड मशिन आहे. सासूबाईंचं म्हणणं असं की, काचेतून फेस दिसला नाही म्हणजे कपडे नुसते पाण्यातून काढले. त्यामुळे माझी पाठ वळली की खणात वरून आणखी पावडर पडते, तीसुद्धा बादलीत कपडे भिजवायची! परवा फेस काचभर दाटला आणि मशिन आपलं खळबळतच बसलं. टॉवेल वाळले ते पापडासारखे.

फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात, मळ त्यानेच सुटतो आणि फेस दाटला की आपटणंच होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर या मशिनच्या पावडरीत फेस कमी ठेवतात. पण सासूबाईंकडेही पुरावा आहे. तेल लावलेल्या केसांना पहिल्या हाताला शांपूचा फेस धरत नाही, दुसऱ्या हाताला भरभरून येतो. तेलकट कढईत फेस लगेच मरतो. हे कसं खोडू?

त्यात उन्हाळ्यात बोअरचा टँकर येतो. तेव्हा पावडर खरंच वाढवायची का? फेस न बघता माप कसं ठरवायचं?

प्रतिसाद १ :
खोडू नका, त्या बरोबर सांगताहेत. साबणातला काम करणारा भाग तेलात गुंतला की फेसाला उरत नाही. म्हणजे फेस टिकला तर साबण शिल्लक आहे, इतकंच कळतं. भांड्यांना हा अंदाज चालतो. तुमच्या पावडरीत फेस मुद्दाम दाबलेला, तिथे तो काय सांगणार?
बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडी पावडर खातात, तेव्हा माप जरा वाढवावं लागतं. पाकिटावर जड पाण्याचं माप असेल तर तेच घ्या. आधी धुतलेले टॉवेल पावडर न घालता गरम पाण्यावर लावून बघा. फेस आला तर तो आधीच्या धुण्यातला उरलेला साबण.

प्रतिसाद २ :
आणि ती बादलीची पावडर आधी वरच्या फळीवर टाका. हात पोचणार नाही अशा.

धागाकर्ती :
हा हा, त्यांची उंची माझ्यापेक्षा जास्त आहे! टॉवेल गडद मरून आहेत, ६० अंशांना रंग जाईल का?

प्रतिसाद १ :
४० वर लावा. साबण उरला असेल तर तेवढ्यातही दिसेल.