छपाईतील लाल झाक आणि कागदाची प्रोफाइल

कागदाची प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे संगणकाला सांगणारी फाइल) निवडूनही छापलेली छायाचित्रे लालसर येतात, ही आपण मांडलेली अडचण मी बेळगावात स्वतः अनुभवली आहे. शहापूरच्या एका विणकरासाठी साड्यांची छायाचित्रे छापताना हिरव्या काठांवर तपकिरी झाक चढली आणि मागची पांढरी भिंतही गुलाबी दिसू लागली. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावल्यावरही प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातील सॉफ्टवेअरमधील) रंगदुरुस्ती चालूच राहिली होती, त्यामुळे एकाच चित्राचे रंग दोनदा बदलले जात होते. रंगांची जबाबदारी फोटोशॉपकडे दिली, की ड्रायव्हरमधील ती सोय बंद करावी. कागदाचा प्रकार मात्र तिथेही अचूक निवडावा, कारण किती शाई सोडायची हे त्यावरून ठरते.

प्रोफाइल ही विशिष्ट प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या जोडणीची असते. मूळ शाईऐवजी स्वस्त शाई भरली (आपल्याकडे हे सर्रास होते), तर कंपनीने दिलेल्या प्रोफाइलवर विसंबता येत नाही. अशा वेळी रंगचौकटींचा तक्ता कोणतीही रंगदुरुस्ती न करता छापून, पूर्ण वाळल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून नवी प्रोफाइल करून घ्यावी. आधी मॉनिटरही कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग अचूक दाखवेल असा जुळवलेला हवा.

जरीची चमक मात्र साध्या शाईत उतरत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. छापील प्रत पडताळताना ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश वापरावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मी चांगल्या प्रतीही नाहक बाद केल्या आहेत.