मदत हवी आहे: १९६९ च्या शेवरले सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक बसवण्याबाबत

नमस्कार मंडळी. ओहायोतील घराच्या गॅरेजमध्ये मी १९६९ सालचा शेवरले सी-१० पिकअप दुरुस्त करीत आहे. दाराखालच्या पत्र्याची आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांची गंजाने पार चाळण झाली होती (हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाची कृपा!), तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केल्यामुळे ती चिंता मिटली आहे.

प्रश्न ब्रेकचा आहे. या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक असून पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. ते सुटे भाग माझ्या गाडीला बसवता येतात, परंतु त्याच वर्षी चाकाचे बोल्ट सहाऐवजी पाच झाल्याने पुढे पाच व मागे सहा असा विजोड प्रकार होईल आणि स्टेपनी एकाच बाजूच्या उपयोगाची राहील. अशा वेळी सहा बोल्टचे तयार किट घ्यावे, की मागचा ॲक्सलही पाच बोल्टचा शोधावा?

तसेच, सीटच्या पाठीमागे केबिनमध्येच असलेली पेट्रोलची टाकी हौद्याखाली हलवण्याचा विचार आहे. हे काम कोणी केले असल्यास चॅसिसला नवी भोके पाडावी लागली का आणि पेट्रोल भरण्याचे तोंड कुठे काढले, हे कृपया सविस्तर कळवावे.