चाळीच्या गणपतीत कोड्यांची संध्याकाळ करायची आहे, बजेट ५०० रुपये. काय ठेवू?

दुसरा_माळा
आमच्या गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम यंदा माझ्या गळ्यात पडलाय. संगीतखुर्ची आणि अंताक्षरीला लोक कंटाळलेत, म्हणून कोडी. माणसं चाळीसेक, वय आठ ते ब्याऐंशी, वेळ दीड तास. मंडळाने बक्षिसांसकट ५०० रुपये दिलेत, वर छदाम मिळणार नाही. कोणती कोडी रंगतात आणि कोणती आपटतात? माझ्या डोक्यात तीन वाट्यांचं आहे. एकीखाली लाडू. तुम्ही एक वाटी धरायची, मग मी उरलेल्या दोनांतली रिकामी उघडून विचारणार, बदलताय का?

सागवान
मी लाकडी कोड्यांचा संच घेतला, २८०० ला. अप्रतिम काम. एक ठोकळा तर तीन महिन्यांत माझ्याशिवाय कुणाला जुळलेला नाही. एकदाच खर्च करा, जन्मभर वापरा.

दुसरा_माळा
दादा, ५००.

विरार_फास्ट
डब्यात आमचा ग्रुप रोज एक कोडं टाकतो. हमखास चालणारं सांगतो. चार माणसं, रात्र, साकव, एकच कंदील. एका वेळी दोघंच जाणार, कंदील हवाच. चौघांना लागतात १, २, ५ आणि १० मिनिटं. दोघं निघाले की हळू चालणाऱ्याच्या वेगाने. कमीत कमी किती वेळ? सगळे १९ वर अडकतात, कारण चपळ माणसालाच प्रत्येक फेरीत पाठवतात. दोन हळूबाईंना एकत्र पाठवलं की १७. आमच्याकडे अंधेरीला सुरू झालेलं भांडण दादरला मिटलं, तेही उतरायचं होतं म्हणून.

शुद्धलेखन_काका
साकवावर कंदील घेऊन एकाने मध्येच उभं राहायचं, दोन्ही बाजूंना उजेड. कोड्यात मनाई कुठे लिहिली आहे?

विरार_फास्ट
काका, तुम्ही आमच्या डब्यात येऊ नका.

देवळाली_नाशिक
खर्च शून्य, साहित्य कागद-पेन्सिल: कापरेकरांचं ६१७४. द. रा. कापरेकर, जन्म डहाणूचा, देवळालीत शाळामास्तर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथून हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या. प्रत्येकाला आपल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्यायला लावा, चाळीसही जण एकाच संख्येवर येतात तेव्हा पोरं किंचाळतात.

एक ठेच मात्र मी खाल्लीय. एकाचा नंबर ११११ नव्हे, १११२ होता. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. त्याने तीनच अंक धरले आणि पुढच्या पायरीला शून्य आलं. मला म्हणाला, तुमचे कापरेकर चुकले. पुढचं शून्य लिहायचं, ०९९९, हे आधीच बजावा.

आजीची_नात
एवढं गणित कशाला? जुने हुमाण घाला. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. सुपभर लाह्या, त्यात रुपया. एवढंसं कार्टं, घर कसं राखतं. ब्याऐंशीच्या आजी पहिल्या तीन बक्षिसांत येतील, पोरं बघत राहतील. आणि फोन एका ताटात जमा करून घ्या, नाहीतर गुगलच जिंकेल.

बिनधास्त_बोरिवली
वाट्यांचं अजिबात नको. आमच्या सोसायटीत केलं, दोन घरांत अजून बोलाचाली नाही. मुळात ‘बदललेलं फायद्याचं’ हे उत्तरच चुकीचं आहे. दोन वाट्या उरल्या म्हणजे अर्धं-अर्धं, बदला नाहीतर बदलू नका.

देवळाली_नाशिक
उत्तर बरोबर आहे. पहिल्यांदा धरलेली वाटी बरोबर असण्याची शक्यता एक तृतीयांश, रिकामी उघडल्याने ती बदलत नाही. उरलेले दोन तृतीयांश एकाच वाटीवर जातात. पटत नसेल तर १०० वाट्या धरा, ९८ रिकाम्या उघडल्या की बघू तुम्ही आपलीच धरून बसता का. १९९० मध्ये अमेरिकेत मेरिलिन व्हॉस सावंत यांनी सदरात हेच लिहिलं, तर हजारो वाचक, त्यांत डॉक्टरेटवाले, अंगावर धावून आले. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

बिनधास्त_बोरिवली
सावंत? कुठले, कोकणातले का?

देवळाली_नाशिक
नाही हो. आडनावाचा योगायोग.

शुद्धलेखन_काका
पण वाटी उघडणाऱ्याला लाडू कुठे ते ठाऊक असलं पाहिजे. चुकून रिकामी उघडली असेल तर अर्धं-अर्धंच. बोरिवलीकरांच्या सोसायटीत हेच झालं असणार.

बिनधास्त_बोरिवली
...उघडणारा मीच होतो. लाडू बायकोने ठेवले होते.

डोंबिवली_मावशी
मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांचं कुणी सुचवलं का? ६१७४ येतं. फार छान आहे. तीन वाट्यांचं नका करू बाई, म्हाताऱ्यांना पटत नाही. शिवाय रव्याचा लाडू ठेवलात तर मुंग्याच सांगतील.

सागवान
संच सेकंडहँड हवा असेल तर २२०० ला देतो.

दुसरा_माळा
सगळ्यांचे आभार. ठरलं: फक्त तीन वाट्या, दुसरं काही नाही. वीस जणांनी कायम बदलायचं, वीस जणांनी धरलेलीच ठेवायची. लाडू मीच ठेवणार, वाटीही मीच उघडणार. नोंद फळ्यावर, सगळ्यांसमोर. जिंकला त्याने तिथेच लाडू खायचा, तेच बक्षीस. बदलणारे तेरा आणि न बदलणारे सात जिंकायला हवेत, म्हणजे वीस लाडू. हरलेल्यांनाही शेवटी द्यावाच लागेल, म्हणून चाळीस. रवा, साखर, तूप, खोबरं ५०० मध्ये बसतं, वळायला आई आहे.

बिनधास्त_बोरिवली
फळ्याचा फोटो टाका. बदलणारे हरले तर मोठा टाका.

विरार_फास्ट
कार्टं घर राखतं ते काय? दोन स्टेशनं झाली, डोकं चालत नाहीये.

आजीची_नात
कुलूप.